आवाजाचे स्मरण आणि स्मरणातला आवाज : लुचानो पावारोत्ती यांच्या मरणोत्तर प्रतिमेची चिकित्सा

गोषवारा : इटालियन टेनर गायक लुचानो पावारोत्ती (१९३५–२००७) यांच्या निधनानंतर त्यांचे जे स्मरण झाले व आजही होत आहे, त्यात गायकाची लोकप्रियता, देहयष्टी, औदार्य आणि स्खलने यांची चर्चा विपुल आहे, परंतु आवाजाचे वर्णन अत्यल्प आहे. ज्या एका गीतामुळे ते जगाच्या स्मरणात राहिले, ते त्यांच्या गळ्याच्या प्रकृतीचे प्रातिनिधिक गीत नव्हे, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजसंज्ञा : ऑपेरा, टेनर, मृत्युलेख, ध्वनिमुद्रण, आस्वादक समीक्षा.

प्रास्ताविक

६ सप्टेंबर २००७ रोजी पहाटे उत्तर इटलीतील मोदेना या आपल्या जन्मगावी लुचानो पावारोत्ती यांचे स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले. त्या दिवशी दूरचित्रवाणीच्या वृत्तवाहिन्यांनी जगभर एकच दृश्य पुन्हा पुन्हा दाखविले : काळा पोशाख, दाट दाढी, डाव्या हातात पांढरा रुमाल, पसरलेले बाहू आणि एका दीर्घ स्वराच्या शेवटी उजळलेला चेहरा. प्रस्तुत लेखिका तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयात शिकत होती. ऑपेरा हा शब्द तिच्या शब्दसंग्रहात जेमतेम होता. त्या दृश्यानेच तिची या गायकाशी पहिली ओळख झाली, म्हणजे ओळख झाली तीच मृत्यूच्या वार्तेतून. पावारोत्ती यांना प्रत्यक्ष ऐकण्याची संधी तिला कधीही मिळाली नाही व आता मिळणे शक्य नाही. ही मर्यादा आरंभीच नोंदविणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

परंतु हीच मर्यादा या लेखनाचे निमित्तही आहे. लेखिकेच्या आजोबांनी तरुणपणी बालगंधर्वांची नाटके पाहिली होती, तीही त्या थोर गायकनटाच्या उतरत्या काळात. त्या गाण्यात काय होते, असे कितीदा तरी विचारले. आजोबा म्हणत, “ते ऐकायलाच हवं होतं गं,” आणि गप्प बसत. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटे, त्यावरून काहीतरी फार मोलाचे घडून गेले होते एवढे कळे. काय घडले होते ते कळत नसे. आजोबा गेले आणि त्यांच्यासोबत ती एक साक्षही गेली. पुढे एम.फिल.च्या प्रबंधिकेसाठी मराठीतील मृत्युलेखांचा अभ्यास करताना हाच अनुभव छापील स्वरूपात पुन्हा आला. गायकाविषयीच्या मृत्युलेखात ‘स्वर्गीय’, ‘दैवी’, ‘अलौकिक’ ही विशेषणे एवढी दाटीवाटीने येतात की, त्यांच्यामागे आवाज ऐकूच येत नाही. ऐकलेल्यांच्या पिढीने वर्णन करून ठेवले नाही तर न ऐकलेल्यांच्या हाती केवळ भक्ती उरते. पावारोत्ती यांच्या बाबतीत ध्वनिमुद्रणे मुबलक आहेत, म्हणून हा धोका संभवत नाही असे वाटेल. प्रत्यक्षात तो अधिक आहे, कारण त्या मुबलकतेतून समाजाच्या स्मृतीने एकच ध्वनिमुद्रण उचलले आहे.

एका गीताची कथा

ते गीत म्हणजे जाकोमो पुच्चीनी यांच्या ‘तुरान्दोत’ या ऑपेरातील तिसऱ्या अंकाच्या आरंभीचे ‘नेस्सुन दोर्मा’. (आपल्याकडे ऑपेराला ‘संगीतिका’ असा प्रतिशब्द रूढ आहे, पण आकाशवाणीच्या संगीतिकांमुळे त्याला जो आटोपशीर अर्थ चिकटला आहे तो येथे गैरसमज करणारा ठरेल, म्हणून मूळ शब्दच ठेवला आहे.) या गीताचा संदर्भ पाहिल्यास त्याच्या आजच्या विजयगीतासारख्या वापराविषयी थोडे आश्चर्य वाटते. पेकिंगची राजकन्या तुरान्दोत हिची तीन कोडी अनोळखी राजपुत्र कलाफ याने सोडविली आहेत. आपले नाव पहाटेपर्यंत शोधून काढलेस तर मी प्राण देईन, असा उलटा पण त्याने लावला आहे. नाव सापडेपर्यंत नगरात कोणीही झोपू नये, अशी राजकन्येची आज्ञा आहे, आणि ते सापडले नाही तर नगरवासीयांना मृत्युदंड आहे. कलाफ आपल्या जयाची ग्वाही गात असता मागून स्त्रियांचा वृंद हलक्या स्वरांत आपल्या मरणाचे भय गातो. त्याच रात्री, कलाफवर मूकपणे प्रेम करणारी दासी ल्यू त्याचे नाव सांगावे लागू नये म्हणून स्वतःचा अंत करून घेते. मैदानावरच्या जल्लोषात यातले काही शिल्लक राहिलेले नाही.

स्वररचनेकडेही पाहावे. ज्या स्वरासाठी जग हे गीत ऐकते, तो शेवटचा उंच ‘बी’ पुच्चीनींच्या स्वरलिपीत अगदी अल्पकाळाचा आहे. दीर्घ आहे तो त्यानंतरचा, त्याहून खालचा ‘ए’. वरचा स्वर धरून ठेवण्याची रूढी गायकांनी पाडली. मूळ ऑपेरात हे गीत संपतही नाही. टाळ्यांना जागा न देता संगीत पुढच्या प्रवेशात वाहत जाते. मैफिलीत ऐकू येणारा भरघोस शेवट नंतर जोडलेला आहे.

या कृतीच्या जन्मालाच मृत्यूचा स्पर्श आहे, ही गोष्टही येथे सांगण्यासारखी आहे. पुच्चीनी २९ नोव्हेंबर १९२४ रोजी ब्रुसेल्स येथे वारले तेव्हा ‘तुरान्दोत’ अपूर्ण होता. फ्रांको आल्फानो यांनी तो पूर्ण केला. २५ एप्रिल १९२६ रोजी मिलानच्या ‘ला स्काला’त पहिला प्रयोग झाला, तेव्हा संचालक आर्तुरो तोस्कानिनी यांनी ल्यूच्या मृत्यूच्या प्रवेशानंतर, पुच्चीनींची लेखणी जेथे थांबली त्या ठिकाणी, वाद्यवृंद थांबविला, प्रेक्षकांना तसे सांगितले आणि त्या रात्रीपुरता प्रयोग तेथेच संपविला. मृत कलावंताचे याहून नेमके स्मरण संगीताच्या इतिहासात क्वचितच झाले असेल. तोस्कानिनींनी गौरवाचे भाषण केले नाही. त्या माणसाचे काम कोठपर्यंत आले होते, तेवढे दाखविले.

पावारोत्ती यांनी ‘तुरान्दोत’चे संपूर्ण ध्वनिमुद्रण १९७२ साली लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह केले. त्यात तुरान्दोतच्या भूमिकेत जोन सदरलँड, ल्यूच्या भूमिकेत मोन्सेरात काबाये आणि संचालक झुबिन मेहता होते. मुंबईत १९३६ साली जन्मलेल्या या पारशी संचालकाने त्या ध्वनिमुद्रणात वाद्यवृंदाला दिलेली झळाळी व गती आजही जुनी वाटत नाही. १९९० साली इटलीत विश्वचषक फुटबॉल स्पर्धा झाली, तेव्हा बीबीसीने आपल्या प्रक्षेपणाचे शीर्षकसंगीत म्हणून याच ध्वनिमुद्रणातील ‘नेस्सुन दोर्मा’ निवडले, आणि अठरा वर्षांपूर्वीचे गीत घराघरांत पोहोचले. अंतिम सामन्याच्या पूर्वसंध्येला, ७ जुलै १९९० रोजी, रोममधील काराकाल्ला स्नानगृहाच्या प्राचीन अवशेषांत पावारोत्ती, प्लासिदो दोमिंगो आणि होसे कारेरास या तिघांची मैफल झाली. संचालक पुन्हा मेहताच होते. रक्ताच्या कर्करोगातून बरे झालेल्या कारेरास यांच्या पुनरागमनाचा तो सोहळा होता. त्या मैफिलीची ध्वनिमुद्रिका अभिजात संगीताच्या इतिहासातील सर्वाधिक खपलेल्या ध्वनिमुद्रिकांपैकी एक ठरली.

येथून पुढे गीत आणि गायक एकजीव झाले. गंमत अशी की, रंगमंचावर कलाफची भूमिका पावारोत्ती यांनी फारच थोड्या वेळा केली. पहिल्यांदा केली ती सॅन फ्रान्सिस्को येथे १९७७ साली. ती भूमिका भारदस्त, पोलादी धाटणीच्या टेनरची आहे. पावारोत्ती यांचा गळा त्या जातीचा नव्हता. मग गीत त्यांचे कसे झाले? त्यांनी पोलादाची उणीव उजेडाने भरून काढली, असे उत्तर देता येईल. त्यांचा कलाफ दरडावत नाही. उद्याची बातमी आधीच कळलेल्या माणसासारखा तो प्रसन्न आहे. ही व्याख्या सुंदर आहे. पण कलाफच्या स्वभावातील निष्ठुरता तिच्यात नाही, आणि तिच्याविना ल्यूच्या मरणाचा अर्थ लागत नाही.

एकदा रूढ झालेली प्रतिमा मूळ माणसाशिवायही चालू राहते. फेब्रुवारी १९९८ मध्ये न्यूयॉर्क येथील ग्रॅमी समारंभात पावारोत्ती आजारपणामुळे येऊ शकले नाहीत, तेव्हा ऐनवेळी अरीथा फ्रँकलिन यांनी त्यांच्या जागी हेच गीत गायिले. २००७ च्या जूनमध्ये, म्हणजे पावारोत्ती यांच्या निधनाच्या अवघे तीन महिने आधी, ब्रिटनमधील एका दूरचित्रवाणी स्पर्धेत पॉल पॉट्स हा भ्रमणध्वनी विकणारा तरुण हेच गीत गाऊन विजयी झाला. लेखिकेच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे गीत ऐकविले असता ते लगेच ओळखतात. कोणाचे, असे विचारल्यावर निम्म्या वर्गाचे उत्तर त्या तरुणाकडे बोट दाखविणारे असते.

गळ्याची प्रकृती

आता जे वर्णन मृत्युलेखांतून राहून गेले, त्याचा प्रयत्न करणे क्रमप्राप्त आहे. ऑपेराचा गायक ध्वनिक्षेपकाविना गातो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरागृहात सुमारे ३८०० आसने आहेत. शेवटच्या रांगेतील श्रोत्यापर्यंत, मध्ये वाद्यवृंद असताना, शब्द पोहोचवायचा असतो. हे केवळ जोराने साधत नाही. तालमीत तयार झालेल्या पुरुषी गळ्यात सुमारे ३००० हर्ट्झच्या आसपास ध्वनिऊर्जा एकवटते, आणि वाद्यवृंदाची ऊर्जा त्या पट्ट्यात क्षीण असते. त्यामुळे आवाज वाद्यांच्या भिंतीवरून नव्हे, तिच्यातील फटीतून आल्यासारखा येतो. इटालियन गायक या गुणाला ‘स्क्विल्लो’ म्हणतात. आपल्या तंबोऱ्याच्या जवारीची ज्याला सवय आहे अशा कानाला हे समजणे अवघड जाऊ नये. पावारोत्ती यांच्या आवाजात हा गुण जन्मजात म्हणावा इतका सहज होता.

दुसरे वैशिष्ट्य शब्दोच्चाराचे. इटालियन भाषेतील स्वर ते उघडे, स्वच्छ आणि एकमेकांपासून वेगळे ठेवतात. उंच स्वरावर गेल्यावर बहुतेक गायकांचे सगळे स्वरोच्चार एकाच गोल ‘ओ’कडे झुकतात, पावारोत्ती यांच्याकडे ‘आ’ हा ‘आ’च राहतो. मधल्या व वरच्या स्वरांमधील जो सांधा टेनर गायकांना छळतो, तेथे आवाज किंचित झाकून घेण्याची युक्ती त्यांनी कष्टाने साधली होती. ऐकणाऱ्याला मात्र सांधा दिसत नाही.

हे कष्ट कोठून आले, याचा इतिहास उपलब्ध आहे. वडील फेर्नान्दो हे पाव भाजण्याचा व्यवसाय करणारे हौशी टेनर. आई सिगार कारखान्यात कामाला. १९५५ साली वडील व मुलगा दोघेही मोदेनाच्या ज्या समूहगान मंडळात होते, त्याने वेल्समधील लांगोल्लेन येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिला क्रमांक मिळविला. आर्रिगो पोला व एत्तोरे काम्पोगाल्यानी हे त्यांचे गुरू. २९ एप्रिल १९६१ रोजी रेज्जो एमिल्या येथे ‘ला बोहेम’मधील रोदोल्फोच्या भूमिकेतून त्यांचे पदार्पण झाले. त्यानंतरचा निर्णायक टप्पा म्हणजे १९६५ सालचा ऑस्ट्रेलियाचा दौरा. त्या दौऱ्यात जोन सदरलँड यांच्या श्वासनियंत्रणाचे रहस्य कळावे म्हणून आपण त्यांच्या बरगड्यांखाली हात ठेवून श्वास कसा धरला जातो ते पाहत असू, असे पावारोत्ती स्वतः सांगत. रोज रात्री टाळ्या घेणाऱ्या नायकाने सहकलाकार स्त्रीचे शिष्यत्व असे उघडपणे पत्करावे, ही गोष्ट आपल्या संगीतक्षेत्रातील मानापमान पाहता विशेष वाटते.

या श्वासाचे फळ म्हणजे दोनिझेत्ती यांच्या ‘ला फिय दु रेजिमाँ’ (१८४०) या विनोदी ऑपेरातील तोनियोचे गीत, ज्यात वरचा ‘सी’ नऊ वेळा येतो. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी मेट्रोपॉलिटनमध्ये पावारोत्ती यांनी तो प्रत्येक वेळी भरल्या आवाजात लावला आणि त्यांना सतरा वेळा पडद्याबाहेर यावे लागले. या पराक्रमाचे वर्णन नेहमी व्यायामशाळेच्या भाषेत होते. ऐकताना जाणवते ते वेगळेच. तोनियो हा प्रेमापायी सैन्यात दाखल झालेला भाबडा पहाडी तरुण आहे. पावारोत्ती यांच्या गळ्यातून ते नऊ स्वर हसू आवरत नसल्यासारखे एकामागून एक निसटतात. त्यात विक्रमाचा आव नाही. पुढे २००८ साली पेरूचे टेनर हुआन दिएगो फ्लोरेस यांनी मेट्रोपॉलिटनमध्ये याच गीताला वन्समोअर घेतला. त्या रंगमंचावर त्यापूर्वीचा वन्समोअर १९९४ साली पावारोत्ती यांनीच घेतला होता. फ्लोरेस यांचा गळा अधिक हलका व चपळ आहे आणि तोनियोला कदाचित अधिक शोभणारा आहे, हे मान्य केल्याने पावारोत्ती यांचे काही उणे होत नाही.

तथापि एकच ध्वनिमुद्रण जपायचे असेल तर प्रस्तुत लेखिका ‘ला बोहेम’चे निवडील. १९७२ साली हर्बर्ट फॉन कारायान यांच्या संचालनाखाली बर्लिन फिलहार्मोनिकसह ते झाले. मिमीच्या भूमिकेत मिरेल्ला फ्रेनी आहेत. फ्रेनी यांचा जन्मही १९३५ सालचा आणि मोदेनाचाच. दोघांच्या आया एकाच कारखान्यात कामाला होत्या, आणि एकाच दाईच्या दुधावर दोघे वाढले, असे ते दोघेही सांगत. पहिल्या अंकात मेणबत्ती विझलेल्या खोलीत किल्ली शोधताना रोदोल्फोचा हात मिमीच्या गार हाताला लागतो. तेथून सुरू होणारे गीत एकाच स्वरावर, जवळजवळ बोलण्याच्या लयीत सुरू होते. पावारोत्ती तेथे आवाज लावतच नाहीत असे वाटते; एखादा तरुण अंधारात जपून शब्द टाकतो आहे एवढेच. मग आपण कोण, काय करतो, कसे जगतो हे सांगता सांगता गाणे रुंदावत जाते आणि ‘आशा’ या अर्थाच्या शब्दावर वरचा ‘सी’ येतो. तो सी आलेला नंतर लक्षात येतो, कारण तोपर्यंत आपण स्वर ऐकत नसतो, त्या तरुणाचे म्हणणे ऐकत असतो. आणि तो स्वर संपल्यावर ते पुन्हा बोलण्यावर येतात, जणू फार बोललो म्हणून संकोचून. हा उतार ‘नेस्सुन दोर्मा’त कोठेही नाही, कारण तेथे उतरण्याची सोयच नाही.

दोन प्रकारचे स्मरण

पावारोत्ती यांच्याविषयीच्या लेखनात व चित्रणात दोन टोके दिसतात. त्यांचे दीर्घकाळचे व्यवस्थापक हर्बर्ट ब्रेस्लिन यांनी २००४ साली, गायक हयात असतानाच, पुस्तक लिहून त्यांचे हट्ट, आळस आणि खाण्याच्या तऱ्हा चव्हाट्यावर मांडल्या. उलट टोकाला रॉन हॉवर्ड यांचा २०१९ सालचा माहितीपट. तो देखणा आहे, प्रेमाने केलेला आहे. तरीही त्यात माणसाचे हसणे जेवढे आहे तेवढे गाण्याचे विश्लेषण नाही. एकात व्यक्ती उघडी पडते, दुसऱ्यात ती क्षमा मिळवते. दोन्हींत प्रश्न व्यक्तीचाच आहे.

दोष होते, आणि गानसमीक्षेने ते लपविण्याचे कारण नाही. शिकागोच्या लिरिक ऑपेराने १९८९ साली त्यांच्याशी संबंध तोडले, कारण आठ वर्षांतील ४१ नियोजित प्रयोगांपैकी २६ त्यांनी रद्द केले होते. १९९२ साली ‘ला स्काला’त वेर्दींच्या ‘दोन कार्लो’मध्ये त्यांचा स्वर फुटला आणि वरच्या सज्जातील रसिकांनी हुर्यो केली. चूक आपली होती, हे पावारोत्ती यांनी मान्य केले. अभिनयाची बाजू लंगडी होती; नंतरच्या वर्षांत गुडघ्यांनी साथ सोडल्यावर ती जवळपास उरलीच नाही. रॉक आणि पॉप गायकांसोबतच्या मैफिलींनी युद्धग्रस्त बोस्नियातील मुलांसाठी निधी उभा राहिला व त्यातून १९९७ साली मोस्तार येथे संगीत केंद्र उभे राहिले. हे पुण्यकर्म खरेच. तेथे झालेले गाणे मात्र पुष्कळदा सामान्य होते. या दोन विधानांपैकी एकाने दुसरे खोडले जाऊ नये.

एका आक्षेपाविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. पावारोत्ती यांना स्वरलिपी सफाईने वाचता येत नसे, असा आरोप पाश्चात्त्य समीक्षेत वारंवार होतो आणि त्याच्या भोवती नालस्तीचा वास असतो. गुरुमुखातून विद्या घेणाऱ्या परंपरेतील वाचकाला या आरोपाचे वजन कळणेच कठीण आहे. आपल्याकडे कागदावरून गाणारा गायक शंकास्पद ठरतो. अर्थात ऑपेरात संचालक, वाद्यवृंद आणि सहगायक यांच्याशी क्षणाक्षणाचा मेळ राखायचा असल्याने लिपीचे ज्ञान तेथे निव्वळ अलंकार नाही, हेही खरे. पावारोत्ती यांच्या भूमिकांची संख्या त्यांच्या कीर्तीच्या मानाने मर्यादित राहिली, आणि त्यांनी गायिलेले जवळपास सगळे इटालियन भाषेतील होते. याचे एक कारण हे असावे. परंतु रोदोल्फो, नेमोरिनो, एदगार्दो किंवा ‘उन बाल्लो इन मास्केरा’मधला रिक्कार्दो ऐकताना जी शब्दजाण प्रत्ययाला येते, ती कानाने शिकणाऱ्याची आहे. १९८८ साली बर्लिनमध्ये नेमोरिनोच्या भूमिकेनंतर १६५ वेळा पडदा वर गेला. एवढ्या वेळा टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी स्वरलिपी कोणाच्या हाती असणार?

तोरिनोची रात्र

मरणोत्तर स्मरणाची खरी कसोटी २००६ सालच्या एका घटनेत आहे. १० फेब्रुवारी २००६ रोजी तोरिनो येथील हिवाळी ऑलिंपिक स्पर्धेच्या उद्घाटन समारंभाचा शेवट पावारोत्ती यांनी ‘नेस्सुन दोर्मा’ने केला. जाहीर रंगमंचावरील ते त्यांचे अखेरचे दर्शन. मेट्रोपॉलिटनचा निरोप त्यांनी १३ मार्च २००४ रोजी ‘तोस्का’ने घेतला होता. तोरिनोनंतर पाच महिन्यांनी, जुलै २००६ मध्ये, कर्करोगाचे निदान झाले. त्या रात्रीची चित्रफीत निधनानंतर अखंड दाखविली गेली. अखेरच्या क्षणीही स्वर कसा अभंग होता, याचे प्रमाण म्हणून. २००८ साली संचालक लेओने माजेरा यांनी आपल्या पुस्तकात लिहिले की, ते गाणे आधीच ध्वनिमुद्रित केलेले होते. कडाक्याची थंडी आणि गायकाची प्रकृती पाहता दुसरा मार्गच नव्हता. वाद्यवृंदाने वाजविण्याचा, संचालकाने संचालनाचा आणि गायकाने गाण्याचा अभिनय केला.

म्हणजे जगाने ज्याला अखेरचे गाणे म्हणून हृदयाशी धरले, ते त्या क्षणी गायिले गेले नव्हते. यावर दोन प्रतिक्रिया उमटल्या. फसवणूक झाली, ही एक. आजारी माणसाला एवढी सवलत द्यावी, ही दुसरी. लेखिकेला दोन्ही अपुऱ्या वाटतात. जो आवाज ध्वनिक्षेपकाविना हजारोंपर्यंत पोहोचावा म्हणून घडविला गेला, त्याला तुकड्या-तुकड्यांत मुद्रित करून मोकळ्या मैदानांत ध्वनिवर्धकांवरून ऐकविण्याची सवय १९९० नंतरच्या पंधरा वर्षांत जगाने लावली. तोरिनोची रात्र ही त्या प्रवासाचे पुढचे स्थानक होते. अधिक खिन्न करणारी बाब अशी की, पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना फरक कळला नाही. जो कान बोहेममधल्या त्या उतरण्यावर तयार झाला असता, त्याला कदाचित संशय आला असता. आपण त्यांना इतके दिवस काय म्हणून ऐकत होतो, हा प्रश्न ती चित्रफीत गायकाला नव्हे, श्रोत्याला विचारते. लेखिका स्वतः त्या श्रोत्यांत होती. २००७ साली टीव्हीवर पाहिलेल्या दृश्यांत हेही एक होते, आणि ते पाहून तिच्या अंगावर काटा आला होता.

मोदेना

८ सप्टेंबर २००७ रोजी मोदेनाच्या मध्ययुगीन कॅथेड्रलमध्ये अंत्यविधी झाला. बाहेरच्या चौकात हजारो लोक होते. राइना काबाइवान्स्का आणि आंद्रेआ बोचेल्ली यांनी गायन केले. इटलीच्या हवाई दलाच्या विमानांनी आकाशात हिरवा, पांढरा व तांबडा असे राष्ट्रध्वजाचे धूर सोडले. शव मोदेनाजवळच्या मोन्ताले रांगोने येथील दफनभूमीत नेण्यात आले. गावातील नाट्यगृहाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. ९ फेब्रुवारी २०२० रोजी मोदेनातच फ्रेनी यांचे निधन झाल्यावर त्यांचेही नाव त्या नावाला जोडले गेले, आणि रोदोल्फो व मिमी एका पाटीवर आले.

विधीच्या अखेरीस जुनी ध्वनिफीत लावण्यात आली. १९७८ साली याच कॅथेड्रलमध्ये फेर्नान्दो व लुचानो या पितापुत्रांनी सेझार फ्रांक यांची ‘पानिस आंजेलिकुस’ ही प्रार्थना एकत्र गायिली होती. फेर्नान्दो २००२ साली वारले होते. रंगमंचाची धास्ती असल्यामुळे ते व्यावसायिक गायक झाले नव्हते. आपल्यापेक्षा वडिलांचा आवाज सरस, असे मुलगा आयुष्यभर सांगत आला होता. ध्वनिफीत संपली तेव्हा जमलेले लोक उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजविल्या. इटलीत शवपेटीला टाळ्यांनी निरोप देण्याची चाल आहे. आपल्या डोळ्यांना ती प्रथम खटकते. त्या दिवशी त्या टाळ्या दोन आवाजांसाठी होत्या, आणि त्यांतला एक ऑपेराच्या रंगमंचावर नायक म्हणून कधी ऐकू आलाच नव्हता. प्रार्थनेच्या लॅटिन शीर्षकाचा अर्थ ‘देवदूतांची भाकर’ असा आहे, आणि फेर्नान्दो मोदेनात पाव भाजत असत.